केसांचा कोंबडा आणि पंचेचाळीस डिग्री

"काय व्हयनं रे भो तुन्हा डोकाले? ग्रीस लावलं का काय?"

लेथवर वाकून टर्निंग करत होतो, तेवढ्यात वर्कशॉपच्या मामांचा हा प्रश्न आला आणि अख्खी बॅच खो-खो हसली. मी तेव्हा सेकंड इयरला होतो आणि आयुष्यातलं पहिलं पोमेड डोक्याला चोपडून आलो होतो. राग आला, पण बोलणार काय? आज फायनल इयरला, या विषयात दोन वर्षं नाक खुपसून झाल्यावर कबूल करतो की मामांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. ग्रीस म्हणजे काय? तेल, आणि त्या तेलाला जागेवर धरून ठेवणारा साबण. पोमेड म्हणजे काय? तेल, आणि त्याला जागेवर धरून ठेवणारं मेण. फरक फक्त वासाचा! अमेरिकेत १९५० च्या दशकात असे चकचकीत केस वळवून फिरणाऱ्या पोरांना 'ग्रीजर'च म्हणायचे.

मित्रांनो, हा लेख 'फॅशन' या सदरात टाकू नका अशी मी संपादक मंडळाला विनंती केली होती. कारण यात फॅशन कमी आणि मटेरियल सायन्स जास्त आहे. शिवाय दर रविवारी आमच्या रूमवर कोणी ना कोणी ज्युनिअर डबी घेऊन येतो, "दादा, हे कसं आहे?" विचारतो आणि डबी उघडून बघितली की कळतं, पैसे गेले. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

आधी 'क्लासिक' केस म्हणजे कोणते ते बघू. आपल्याकडे त्यांना नावं आहेतच. एका बाजूला पाडलेला सरळ भांग हा पहिला प्रकार. आपल्या सगळ्यांचे दहावीच्या हॉलतिकिटावरचे फोटो आठवा. दुसरा, भांग न पाडता सगळे केस मागे वळवलेले, जुन्या सिनेमातल्या शेठजींसारखे. आणि तिसरा तो कोंबडा! कपाळावर केसांचा फुगा उभा करून मागे नेलेला. देव आनंदचा होता तसा. इंग्रजीत याला 'पॉम्पाडोर' म्हणतात, फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या दरबारातल्या मादाम द पॉम्पाडोर या बाईंच्या नावावरून. म्हणजे मूळची ही बायकांची केशरचना. हे मी रूमवर सांगितलं तेव्हा कोंबडेवाल्या एका मित्राने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

केस बसवायला काहीतरी लावणं ही जुनीच गोष्ट. 'पोमेड' हा शब्द लॅटिनमधल्या फळ किंवा सफरचंद या अर्थाच्या शब्दावरून आलाय. जुन्या युरोपात चरबीत सफरचंदाचा गर आणि सुगंध घालून हा लेप करायचे. हॉलंडमधल्या एका आजच्या प्रसिद्ध ब्रँडचं नाव 'रॉयझेल' आहे, त्याचा डच भाषेतला अर्थ चक्क डुकराची चरबी असा आहे. (आतमध्ये ती नसते, घाबरू नका.) एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मॅकॅसर तेलाची इतकी टूम निघाली की लोकांच्या डोक्याचं तेल खुर्च्यांच्या पाठीला लागून कापड खराब व्हायला लागलं, म्हणून बायकांनी खुर्चीच्या पाठीवर धुता येतील असे रुमाल टाकायला सुरुवात केली. त्या रुमालाचं नावच पडलं 'अँटीमॅकॅसर'. आपल्याकडे ऑफिसात साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतो ना, तो मला त्याचाच चुलतभाऊ वाटतो.

मग १९२८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ब्रिलक्रीम निघालं. पाणी आणि खनिज तेल यांचं मिश्रण, ते फुटू नये म्हणून मधमाश्यांचं मेण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातल्या पोरांना 'ब्रिलक्रीम बॉइज' म्हणायचे. नंतर क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन त्याच्या जाहिरातीत आला आणि त्यानंतर आपल्या मुंबईचा विकेटकीपर फारूख इंजिनिअर! नावातच इंजिनिअर, म्हणजे आपल्या कॉलेजच्या मासिकात त्याला जागा द्यायलाच हवी. १९३८ चा जन्म, ४६ टेस्ट. जानेवारी १९६७ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्टच्या पहिल्याच दिवशी लंचच्या आत या माणसाने ९४ रन काढल्या होत्या. ब्रिलक्रीमची जाहिरात करणारा तो पहिला भारतीय क्रिकेटर. आमच्या धुळ्याच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत अजून ब्रिलक्रीमची एक रिकामी काचेची बरणी आहे. आजी त्यात हळद ठेवायची. पुढे १९९० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड बेकहॅमला मोठा करार देऊन याच ब्रिलक्रीमने घेतलं आणि २००० साली पठ्ठ्याने डोकंच भादरून टाकलं. करार करणाऱ्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

थर्ड इयरला, एप्रिल महिन्यात, जळगावला एका कंपनीचा इंटरव्ह्यू होता, सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. मी शनिवार-रविवार घरी गेलेलो. सकाळी आरशासमोर अर्धा तास घालवून स्वतः बनवलेलं पोमेड लावलं : पेट्रोलियम जेली आणि खोबरेल, अर्धं-अर्धं. घरात पंख्याखाली काय सेट झाला होता कोंबडा! आई म्हणाली, "अगदी हिरो दिसतोय." साडेदहाची एस.टी. पकडली. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश. पारोळा येईपर्यंत ठीक होतं. पारोळ्याच्या पुढे खिडकीतून झळा यायला लागल्या आणि कपाळावर काहीतरी सरकतंय असं वाटलं. एरंडोलला बस थांबली तेव्हा कोंबडा बसला होता. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला तोपर्यंत तेल कानामागून कॉलरमध्ये गेलं होतं आणि रस्त्यावरची सगळी धूळ डोक्यावर चिकटली होती. शेजारच्या आजोबांनी न बोलता स्वतःचा रुमाल पुढे केला.

इंटरव्ह्यूला बसलो. समोरच्या साहेबांनी बर्नोलीचं समीकरण लिहायला सांगितलं. मला ते झोपेतही येतं. पण घाम आणि पेट्रोलियम जेली मिळून नेमकी उजव्या डोळ्यात गेली आणि डोळा उघडेना. एका डोळ्याने समीकरण लिहिलं, व्हेलॉसिटीचा वर्ग द्यायचा विसरलो. निवड झाली नाही. वर आठवड्याभराने कपाळाच्या कडेला बारीक पुळ्यांची रांग उठली, त्याबद्दल पुढे सांगतो.

त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर बसून विचार केला की फेल झालं ते नक्की काय? फेल झालं ते मटेरियल. आणि मटेरियल का फेल झालं याचं उत्तर मी सेमिस्टरभर शिकत होतो, फक्त डोक्याला लावलं नव्हतं!

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं. कारनौबा नावाचं ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांचं मेण असतं, ते ८० च्या वर. मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन ३८-४० च्या आसपास. पेट्रोलियम जेली कशी बनवली त्यानुसार साधारण ४० ते ६० च्या मध्ये कुठेतरी, पण त्याच्या कितीतरी आधी ती मऊ पडायला लागते. आणि खोबरेल? २४-२५ डिग्री! म्हणून तर डिसेंबर-जानेवारीत होस्टेलवर सकाळी तेलाची बाटली घट्ट झालेली असते आणि आपण ती उन्हात ठेवतो. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हणजे मी डोक्याला जे लावलं होतं त्यातला निम्मा भाग धुळ्याच्या स्टँडवरच पातळ झालेला होता आणि उरलेला निम्मा एरंडोलला विरघळायच्या बेतात होता.

दुसरा मुद्दा यील्ड स्ट्रेसचा. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. टूथपेस्ट ब्रशवर ठेवली की तशीच उभी राहते, वाहत नाही. पण दाबली की ट्यूबमधून सरळ बाहेर येते. म्हणजे एका ठरावीक ताणापर्यंत ती घन पदार्थासारखी वागते आणि त्यापुढे द्रवासारखी. पोमेडचं हेच. कंगव्याने जोर लावला की ते सरकलं पाहिजे, पण केसांच्या स्वतःच्या वजनाने सरकता कामा नये. मेण जास्त घातलं की ही मर्यादा वाढते, म्हणजे पकड वाढते. तापमान वाढलं की मर्यादा कमी होते. तेल वाढवलं की चमक वाढते आणि पकड सुटते. बस्, पोमेडचं सगळं शास्त्र या चार वाक्यांत आहे. पकड आणि चमक दोन्ही भरपूर पाहिजे म्हणणारा ग्राहक दुकानदाराचा आवडता.

माझा रूम पार्टनर सिव्हिलचा. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे डांबरासाठी 'रिंग अँड बॉल' टेस्ट असते : पितळी कडीत डांबर भरायचं, वर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची, पाण्यात बुडवून मिनिटाला पाच डिग्रीने तापवायचं आणि गोळी अडीच सेंटिमीटर खाली आली की थर्मामीटर वाचायचा. तो त्या डांबराचा सॉफ्टनिंग पॉइंट. मग काय, एका दुपारी लॅबच्या मामांना चहा पाजून आम्ही डांबराच्या जागी पोमेड भरलं! माझ्या 'अर्धं-अर्धं'ची गोळी तर पाणी तापायला लागलं न लागलं तोच टुपकन खाली गेली. पाचवा हिस्सा मेण घातलेलं मिश्रण मात्र बरंच वर टिकलं. मामा म्हणाले, "डांबरच लावा ना भो, त्यापेक्षा." लॅबचे सर हे वाचतील तर त्यांना सांगतो, कड्या रॉकेलने स्वच्छ धुऊन ठेवल्या होत्या.

त्यामुळे घरी बनवायचं असेल तर माझं प्रमाण लिहून घ्या : एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन भाग पेट्रोलियम जेली, एक भाग खोबरेल. उन्हाळ्यात मेण दीड भाग करा, थंडीत खोबरेल थोडं वाढवा. मेण थेट आचेवर ठेवू नका. पातेल्यात पाणी, त्यात वाटी, आणि वाटीत मेण. (रेक्टर सरांना : हे सगळं घरी करायचं आहे, रूममध्ये शेगडीवर नाही.) मेणबत्तीचं मेण वापरू नका, ते पॅराफिन असतं. नुसतं घातलं तर गार झाल्यावर ठिसूळ होतं आणि केसांत त्याचा चुरा दिसतो. आणि एरंडेल जेलीत मिसळायला जाऊ नका. माझ्या रूम पार्टनरने घट्टपणा यावा म्हणून भरपूर ओतलं, तर दोन दिवसांनी डबीच्या वर घाम आल्यासारखा तेलाचा थर. एरंडेल खनिज तेलात नीट मिसळतच नाही, बाकीच्या खाद्यतेलांपेक्षा त्याचा स्वभाव वेगळा. तेव्हापासून एरंडोल स्टँड आलं की आम्ही एकमेकांकडे बघून हसतो.

विकत घेणाऱ्यांनी डबीच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नये. 'स्ट्राँग', 'अल्ट्रा', 'जेंटलमन' हे सगळं पुढच्या बाजूला. मागे उलटा आणि घटकांची यादी वाचा. यादीत जे जास्त ते आधी, असा नियम असतो. पहिलं नाव पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल किंवा लॅनोलिन असेल तर ती तेलाची डबी. पहिलं नाव अॅक्वा, म्हणजे आपलं पाणी, आणि पुढे सेटिअरेथ, ग्लिसरीन, पीव्हीपी असले शब्द असतील तर ती पाण्याची डबी. यादीत पाणीही आहे आणि मिनरल ऑइलही, तर ते ब्रिलक्रीमसारखं क्रीम. ते पांढरं दिसतं कारण तेल-पाण्याचे बारीक थेंब प्रकाश विखुरतात. केसांवर पाणी उडालं की तेल उरतं आणि चमक येते. पकड बेताची. साध्या भांगासाठी उत्तम, कोंबड्यासाठी नाही. आजोबांनी कोंबडा कधी काढला नाही, त्यांना ते पुरलं.

पाण्याच्या डबीचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. त्यातला पीव्हीपी हा पॉलिमर वाळला की केसांभोवती पातळ पापुद्रा धरतो. म्हणजे ग्रीस नव्हे, डिंक म्हणा. फायदा असा की साध्या पाण्याने निघून जातो आणि उशीचा अभ्रा वाचतो. दुपारी केस बसले तर ओला कंगवा फिरवा, पापुद्रा पुन्हा मऊ होतो आणि नव्याने बसतो. पण हाच पीव्हीपी हवेतली ओल खेचून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की सकाळचा टणक भांग दुपारच्या प्रॅक्टिकलपर्यंत चिकट आणि लुळा. आणि भिजलात तर विषयच संपला, सगळं नाकावर.

हेअर जेल हा याच डिंकाचा कडक भाऊ. ते वाळून एकदम टणक होतं, कंगवा फिरवला की पापुद्रा तुटतो आणि खांद्यावर पांढरा भुगा पडतो. लोकांना वाटतं कोंडा झाला. ज्याला दिवसातून तीनदा कंगवा फिरवायची सवय आहे त्याने जेल घेऊ नये.

तर मग घ्यायचं काय? आपल्या खानदेशात याचं उत्तर कॅलेंडर बघून द्यावं लागतं. इंटरनेटवरची सगळी माहिती थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते, त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी. माझं मत असं : मार्च ते जून, वर्गात आणि पंख्याखाली बसायचं असेल तर पाण्याची डबी. आपला उन्हाळा कोरडा असल्याने ती छान वाळते. पण हेल्मेट घालून गाडीवर धुळे-जळगाव करायचं असेल तर हेल्मेटच्या आत घाम वाळत नाही, पाण्याची डबी विरघळून डोळ्यांत येते. तिथे भरपूर मेणाची तेलाची डबी घ्या आणि उतरल्यावर पुन्हा कंगवा फिरवा. तेलाचं पोमेड कधी वाळत नाही, म्हणून ते दिवसभर हवं तितक्या वेळा विंचरता येतं. पावसाळ्यात तेलाचीच, पाणी त्यावर ठरत नाही. थंडीत कोणतीही, फक्त तेलाची असेल तर तळहातावर चोळून आधी पातळ करा. नाहीतर गोळे तसेच केसांत राहतात आणि सलूनवाले काका म्हणतात तसं "डोक्यात साबुदाणा" दिसतो.

केसांच्या जातीचाही विचार हवा. पातळ, सरळ केस असतील तर जड तेलाने ते एकमेकांना चिकटून मधली टाळू दिसायला लागते. अशांनी पाण्याचं, हलकं, कमी चमकीचं घ्यावं. जाड, दाट, थोडे कुरळे केस असतील तर बिनधास्त मेणाचं. आणि केसांची लांबी! बाजूच्या भांगाला वर अडीच-तीन इंच पुरतात, कोंबड्याला चार-पाच इंच लागतात. सेकंड इयरला मी दीड इंच केसांवर पॉम्पाडोर करत होतो, मामा हसणार नाहीत तर काय!

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. निम्मं काम पोमेडचं नसतंच, पाण्याचं आणि वाऱ्याचं असतं. केस केराटिन प्रथिनाचे. त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, आणि जुळताना केस ज्या आकारात असतील तोच आकार धरून ठेवतात. झोपून उठल्यावर एका बाजूचे केस उभे असतात ते त्यामुळेच. म्हणून अंघोळ झाल्यावर केस टॉवेलने टिपा, ओलसर असतानाच हव्या त्या दिशेने विंचरा आणि टेबल फॅनसमोर पाच मिनिटं उभे राहून वाळवा. आकार आला की मग हरभऱ्याएवढं पोमेड. एवढंच. कमी पडलं तर पुन्हा घ्या. लावायला मागून सुरुवात करा, कपाळाकडे शेवटी या. सगळे जण पुढून सुरू करतात आणि सगळा गोळा समोर साचतो.

आता त्या पुळ्या. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी कपाळ बघून पहिला प्रश्न विचारला, "डोक्याला काय लावतो?" १९७० साली अमेरिकेतल्या प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर लेखच लिहिला होता, आजाराचं नाव 'पोमेड अॅक्ने'. तेलकट लेप कपाळावर आणि कानशिलांवर उतरतो, रोमरंध्रं बुजतात आणि बारीक पुळ्या येतात. मला वाटलं होतं परीक्षेचं टेन्शन. डॉक्टरांनी सांगितलं ते करतोय : कपाळाच्या रेषेपासून अर्धा इंच सोडून लावायचं, झोपण्याआधी धुवायचं, अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा. महिनाभर पोमेड बंद ठेवल्यावर पुळ्या गेल्या. ज्यांना आधीच मुरुमांचा त्रास आहे त्यांनी तेलाच्या डबीच्या वाटेला जाऊ नये आणि पुळ्या राहिल्याच तर मेडिकलवाल्याकडून मलम न घेता डॉक्टरांना दाखवावं. नवीन डबी आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा. सुगंधाची किंवा लॅनोलिनची अॅलर्जी काही जणांना असते.

'पोमेडने टक्कल पडतं का?' हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. वडिलांचं, मामांचं टक्कल आपल्याकडे येतं ते डबीतून येत नाही. पण चिकट केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढून काढला तर केस तुटतात, हे खरं. आणि खोबरेलाचा अपमान झाला असं वाटू नये म्हणून सांगतो : २००३ साली मॅरिको कंपनीच्या संशोधकांचा एक पेपर आला होता. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती आणि केसांतलं प्रथिन धुतलं जाण्यापासून वाचवण्यात फक्त खोबरेल कामाला आलं, कारण त्यातलं लॉरिक अॅसिड केसाच्या आत शिरतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच अभ्यास, हे लक्षात घेऊन वाचा. पण कारण पटण्यासारखं आहे. त्याच मॅरिकोचा कारखाना आपल्या जळगावात आहे. म्हणजे आजी सांगते ते रात्री तेल लावणं चुकीचं नाही, फक्त ते केसांचं जेवण आहे, केसांचं इस्त्रीकाम नव्हे.

राहिलं धुणं. तेलाचं पोमेड पाण्याने निघत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे आधी डोकं ओलं करतात! आमच्या मजल्यावर एकाने कंटाळून कपडे धुवायची पावडर वापरली, केसांचा काथ्या झाला. होस्टेलचं बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस होत नाही. त्यातल्या कॅल्शिअमशी साबण जुळून पांढरट साय धरते, ती पोमेडवर बसते आणि डोकं आणखी चिकट होतं. शाम्पूचं तसं होत नाही, म्हणून डोक्याला अंगाचा साबण नकोच. पद्धत अशी : कोरड्या केसांना आधी साधं खोबरेल चोळा. तेल तेलात विरघळतं, जुनं मेण सैल होतं. जुन्या फडक्याने पुसून घ्या. मग कोरड्याच केसांवर शाम्पू चोळा, आणि त्यानंतर थोडं थोडं पाणी घ्या. दोनदा केलं की निघतं. पहिल्या वेळी फेस आला नाही म्हणून घाबरू नका.

खर्चाचा हिशोब रूम पार्टनरने केलाय. शंभर ग्रॅमची डबी, रोज दोन ग्रॅम, म्हणजे पन्नास दिवस. किंमत भागिले पन्नास करा आणि मेसच्या बिलाशी ताडून बघा. आम्ही ताडून बघितलं आणि घरगुतीवर आलो, इंटरव्ह्यू असेल तेव्हाच विकतची. यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा एक इंटरव्ह्यू होता, जळगावलाच. या वेळी आदल्या रात्रीच होस्टेलवर आलो, केस फक्त पाण्याने विंचरून बाजूला भांग पाडला आणि पाण्याच्या डबीतलं वाटाण्याएवढं लावलं. बर्नोली विचारलंच नाही, थर्मल विचारलं. निकाल अजून लागायचा आहे.

ज्यांना घरगुती पोमेड लावून बघायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर आमच्या रूमवर यावं. डबी आमची, पण कंगवा आपापला आणा. डोक्यातल्या उवांना आणि गजकर्णाला तेलाची डबी की पाण्याची, काही फरक पडत नाही.